सगळ्याच नमुन्यांत लॅक्टेट जास्त का?

प्रश्न : सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी निबर झालेल्या, यकृताच्या ऊतीतील चयापचय तपासतो आहोत. पण निरोगी नमुन्यांतही लॅक्टेट (प्राणवायूविना साखर फोडताना साचणारा पदार्थ) भरपूर दिसते. चूक यंत्राची का?

उत्तर : यंत्रावर संशय नंतर घ्या, आधी घड्याळ पाहा. रक्तपुरवठा तुटला तरी पेशी लगेच मरत नाहीत. प्राणवायूविना त्या ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडत राहतात, लॅक्टेट साचते आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) काही मिनिटांत घसरतो. तुमचे निरोगी नमुने शस्त्रक्रियेतले असतील, तर रक्तवाहिन्या किती वेळ चिमटल्या होत्या तेही विचारा. हे हमखास राहून जाते.

16 गेज जाडीच्या बायोप्सीच्या सुईने निघालेला दोन सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम 20 मिलिग्रॅमचा असतो. रक्त झटकन टिपा आणि तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. फॉर्मॅलिन (ऊती टिकवायचे द्रावण) अजिबात नको. नंतर उणे 80 अंशांवर ठेवा. कुटताना खलबत्ताही नायट्रोजनने गार केलेला हवा. तुकडा ओलसर, चिकट दिसू लागला की समजा तो वितळला, वितंचके (एन्झाइम) पुन्हा कामाला लागली.

कुटलेल्या ऊतीतले पदार्थ वेगळे काढायला मिथेनॉल, क्लोरोफॉर्म, पाणी वापरलेत तर वरच्या थरात लॅक्टेट व अमिनो आम्ले, तळाच्या थरात मेद आणि मध्ये प्रथिनांची पांढरी चकती येते. चकती पिपेटमध्ये ओढू नका.

आता खरी मेख. सिरॉसिसच्या तुकड्यात बरीच जागा व्रणऊतीची असते, म्हणून समान वजनात यकृतपेशी कमी भरतात. आकडे प्रथिनांच्या वजनाने भागले तरी फसगत होते, कारण व्रणऊतीतले कोलॅजनही प्रथिनच. शेजारचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तंतू आणि चरबीचे प्रमाण नोंदवा, आणि मगच आकड्यांची तुलना करा.