चिप तापली म्हणून ब्रँच सोडू देऊ नका

नमस्कार भाऊ, पत्र आणि बोर्डाचा फोटो मिळाला. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट तुमच्याच निफाडच्या द्राक्षबागेतले ठिबकचे आठ व्हॉल्व्ह चालवायचा, आणि आठही रिले (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे विजेचे स्विच) लागले की त्यांना चालवणाऱ्या ड्रायव्हर चिपवर बोट ठेववत नाही, दोन जळाल्या, म्हणून आता तो म्हणतोय हे माझ्याच्यानं होणार नाही, डिप्लोमा सोडून कॉम्प्युटरचा कोर्स करतो.

सोडू देऊ नका. त्याचा एक हिशोब राहिलाय, बस.

चिप युएलएन २८०३ आहे, ती चांगलीच आहे. पण रिले त्यानं गाडीत असतात तसले ३० अँपचे घेतलेत, त्यांची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) साधारण ९० ओहमची, म्हणजे १२ व्होल्टला एकेक १३० मिलीअँपच्या आसपास ओढतो, आठ मिळून साधारण १ अँप. ही डार्लिंग्टन चिप, म्हणजे आत जोडीजोडीनं लावलेले ट्रान्झिस्टर, चालू असताना तिच्यावर १ व्होल्टच्या आसपास पडतो, म्हणजे नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये १ वॉट उष्णता, वर बंद डबा आणि आपल्याकडचा एप्रिल! डेटाशीटवरचे, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातले, ५०० मिलीअँप एका चॅनेलचे (एका रिलेच्या वाटेचे) असतात, आठही एकदम चालवताना तेवढे मिळत नाहीत, पोरं इथंच फसतात.

आता बघा, २४ व्होल्ट एसीचा व्हॉल्व्ह अर्धा अँपही घेत नाही, त्याला ३० अँपचा रिले कशाला? ४०० ओहम कॉइलचा छोटा रिले ३० मिलीअँपवर लागतो, त्यावर हीच चिप गार राहील. मोठेच रिले ठेवायचे असतील तर टीबीडी ६२०८३ घ्यायला सांगा, आत मॉसफेट (वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर) आहेत, चिपवर व्होल्टेज थोडाच पडतो म्हणून ती कमी तापते, पाय तेच, त्याच सॉकेटमध्ये बसते. आणि १० नंबरचा पाय रिलेच्या १२ व्होल्ट प्लसला जोडलाय का ते आधी बघू दे, तो सुटा असेल तर रिले बंद होताना कॉइलचा झटका चिपवरच बसतो, फोटोत तिथं वायर दिसत नाहीये मला.

मी स्वतः नाशिकच्या अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेलच्या कामात बरीच वर्षं काढलीत. सातपूर-अंबडला मुलाखतीत हेच विचारतात, हा पार्ट का घेतला, किती तापेल, आणि ज्याच्या हातून दोन चिपा जळल्यात आणि का जळल्या ते ज्याला सांगता येतं त्याला आम्ही आनंदानं घ्यायचो. कोडिंगची आवड असेल तर तीही राहू दे, बोर्डावर मायक्रोकंट्रोलर आहेच, त्यात कोडच घालावा लागतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अॅडमिशन मिळते, कॉम्प्युटरचा विचार तेव्हा करता येईल.

त्याला रागावू नका हं. मल्टीमीटरनं एका कॉइलचा ओहम मोजायला सांगा आणि तो आकडा त्यानं स्वतः मला कळवू दे.