अनुदान तीन लाखांचं, पण मिळवायला किती घालवायचे?

प्रश्न : घणसोलीत मसाला कांडपाचा कारखाना काढायचा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून १२ लाखांच्या प्रकल्पासाठी अर्ज करते आहे. एजंट ३० हजार आगाऊ मागतो. काम झालं नाही तर परत नाहीत. द्यावेत का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : देऊ नका. शहरी भागात महिलेला २५ टक्के, म्हणजे ३ लाख अनुदान. पदरचे ५ टक्के, ६० हजार. पण हे ३ लाख हातात पडत नाहीत. ते तीन वर्षं बँकेत बिनव्याजी ठेव म्हणून राहतात, तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. नंतर पाहणीत कारखाना चालू दिसला, तर कर्जात वळते होतात.

गॉर्डन टलॉक या अर्थशास्त्रज्ञाचं गणित इथे लावून पाहा. अनुदान एक, सारखे अर्जदार दहा, आणि जितका खर्च तितकी संधी. मग प्रत्येकाला अनुदानाच्या ९ टक्के, म्हणजे २७ हजार घालवणं परवडतं. (एजंटचा भाव याच्या जवळपास निघावा, हे गमतीचंच.) दहाजणांचे मिळून २ लाख ७० हजार उडतात आणि संधी प्रत्येकाची दहात एक, होती तेवढीच.

तुमच्या बाबतीत तर एजंटमुळे संधी वाढतच नाही. अर्ज ऑनलाइन, फुकट. कर्जाचं बँक ठरवते, आणि ती बघते हप्ता फिटेल का. म्हणून वाशीच्या मसाला मार्केटमधले मिरची-धण्याचे दर, पल्वरायझरची (मसाला दळायच्या यंत्राची) दोन-तीन कोटेशनं आणि दुकानदारांची लेखी मागणी जमवा. अनुदान हुकलं तरी हे कागद दुसऱ्या कर्जाला चालतात.

मंजुरीआधी यंत्र घेऊन काम सुरू करू नका. हे अनुदान नव्या उद्योगालाच आहे. आणि अनुदान वाढावं म्हणून एजंट खेळतं भांडवल फुगवून दाखवतात, तेही नको. तीन वर्षांत कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या कर्जाची, मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरावी लागते आणि वापर ७५ टक्क्यांखाली चालत नाही. नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत जातं.

प्रश्न : ग्रामीण भागात ३५ टक्के मिळतात. कारखाना मुरबाडकडे न्यावा का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : तुम्हीही महिला आहात आणि प्रकल्प १२ लाखांचाच आहे असं धरलं, तर १ लाख २० हजार जास्त मिळतील. ठेवीच्या तीन वर्षांच्या ३६ महिन्यांनी भागा : महिना ३,३३३ रुपये. माल कळव्यालाच विकायचा असेल, तर टेम्पोवाल्याला महिन्याचं भाडं आधी विचारा.