सोयाबीनची पहिली गाडी पाठवताय? घटीचं भांडण असं टाळा

लातुरातून पहिली गाडी भरताय, छान! मिलच्या काट्यावर घट निघेल, म्हणजे माल पाठवला त्यापेक्षा कमी भरेल, ही धास्ती सगळ्यांनाच असते, पण बहुतेक भांडणं गाडी भरतानाच मिटवता येतात.

आधी रिकामी गाडी. आरसी बुकातलं वजन धरू नका. भरलेली गाडी ज्या दिवशी, ज्या काट्यावर तोलणार, त्याच दिवशी, त्याच काट्यावर रिकाम्या गाडीचं वजन करा. नवखे हमखास चुकतात ते इथं. रिकामं वजन झालं आणि मग ड्रायव्हरनं 100 लिटर डिझेल भरलं, तर 83-84 किलो डिझेल मालाच्या वजनात घुसतं. उतरताना तेवढीच घट दिसते, अन् आळ येतो ड्रायव्हरवर. डिझेल आधीच भरायला लावा. रिकामी असो की भरलेली, दोन्ही वजनांच्या वेळी ड्रायव्हर-क्लीनर गाडीतून खाली.

मग ओलावा. 13 टक्क्यांचा माल सुकून 12 वर आला, तर 20 टनांत सव्वादोन क्विंटल जातात. ही चोरी नव्हे. म्हणून:

- बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) वजन, ओलावा, कट्ट्यांची संख्या, तिन्ही लिहा.
- किती घट कुणी सोसायची, हे सौद्यातच ठरवा.
- काटा पावत्या दोन्हीकडच्या जपा.

तिकडं भरल्या गाडीचंच वजन कमी आलं, तर माल उतरवू देऊ नका. आधी दुसऱ्या काट्यावर फेरवजन करून घ्या. ढिगात मिसळलेल्या मालाचा हिशोब कुणालाच लागत नाही.