क्रोटन हिरवं पडलं, पानं गळाली, काय करू?

निफाडच्या एका भाऊंनी फोटो पाठवलाय. नर्सरीतून आणलं तेव्हा क्रोटन लाल-पिवळं धम्मक होतं, आता पोर्चमध्ये नवीन पानं सगळी हिरवीच येताहेत, बागेतला उरलेला युरिया मूठभर टाकून झालाय आणि आता अजून कुठलं खत देऊ असं विचारताय. भाऊ, खत राहू द्या, आधी कुंडी पोर्चच्या बाहेर काढा! क्रोटनला रंग चढतो तो उन्हाने, सावलीत पानात हरितद्रव्यच जास्त होतं आणि युरियाने तर अजूनच हिरवं होणार. रंगीत द्राक्षाला आपण घडाजवळची पानं काढून उजेड देतो ना, तसंच समजा. सकाळचं चार-पाच तास ऊन लागेल अशी पूर्वेची बाजू बघा, पण आठ-दहा दिवस थोडं थोडं सरकवत न्या, एकदम उघड्यावर ठेवलं तर पानं करपतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी शेडनेटची सावली हवीच. आणि थोडा दम धरा, बऱ्याच जातींत कोवळं पान हिरवं-पिवळंच येतं, जुनं झाल्यावर लाल होतं.

सटाण्याच्या ताई विचारतात की थंडीत सगळी पानं झडून काड्या राहिल्या, उपटून टाकू का. नका टाकू ताई. हे मूळचं इंडोनेशिया-मलेशियाकडचं उष्ण दमट हवेतलं झाड, पारा १० अंशाच्या आसपास आला की पानं टाकतं, आणि आपल्याकडे निफाडला तर एक आकडी तापमान दर हिवाळ्यात ठरलेलं. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करा (पानं गळाली म्हणून लोक जास्त पाणी घालतात, तिथेच मुळं सडतात), कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा, उन्हाळा लागला की फुटेल. नुसती काळी माती भरली असेल तर पुढच्या वेळी वाळू आणि शेणखत मिसळा, पाणी साचायला नको.

पानामागे बारीक जाळी आणि पानं धुळकट दिसत असतील तर तो लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड), द्राक्षवाल्यांना ओळख करून द्यायला नको. पाइपने पानांची खालची बाजू जोरात धुवा, नाही गेला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण टाकून संध्याकाळी फवारा. गंधक मारलं असेल तर त्यावर लगेच तेल मारू नका, पानं जळतात.

रोपं वाढवायची तर डाळिंबासारखी गुटी बांधा (म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडायच्या), पावसाळ्यात, पेन्सिलीएवढ्या फांदीवर इंचभर साल काढून, ओलं मॉस (शेवाळ) लावून वरून प्लास्टिक घट्ट. साधारण दीड महिन्यात मुळ्या दिसतात. चीक हाताला खाजतो आणि कपड्यावर पडला तर डाग निघत नाही, म्हणून जुना शर्ट घाला. छाटलेल्या फांद्या मात्र शेळ्यांपुढे टाकू नका, विषारी आहेत.