मत टाकल्यावर खोलीतच थांब

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तू विचारलंस, "काका, २०२८ ला अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षानं कुणाला उभं करावं?" मागे माणसं खोळंबली होती, माझ्या हातात खिरापतीचा डबा होता, म्हणून "सवडीनं बोलू" एवढंच म्हणालो. घरी येताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात होता. आपल्याकडे हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ज्या घरात विचारतात तिथेही टीव्हीवर ज्याचा चेहरा जास्त दिसतो त्याचं नाव घेऊन विषय संपतो. तू मनापासून विचारलंस, तेव्हा उत्तरही नीट बसून लिहितो.

नाव मात्र सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या या आयोवा राज्यात राहून मी २००८, २०१२, २०१६ आणि २०२४ असे चार कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या शेजाऱ्यांच्या सभा, पाहिले. वर्षभर आधी पक्की वाटणारी नावं डोळ्यांदेखत विरून गेली. २०१५ च्या उन्हाळ्यात इथल्या चाचण्यांमध्ये विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर पुढे होते. सप्टेंबरात, एकही मत पडण्याआधी, त्यांनी माघार घेतली. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयोवातल्याच एम्स गावची नमुना मतचाचणी मिशेल बाकमन यांनी जिंकली आणि जानेवारीत कॉकसला त्या सहाव्या आल्या. ट्रंप दोनदा निवडून आलेत, त्यामुळे बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार त्यांना पुन्हा निवडून येता येणार नाही. उपाध्यक्ष व्हान्स यांचं नाव आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. पण उपाध्यक्ष झालं म्हणजे उमेदवारी खिशात आली असं होत नाही. १९८८ मध्ये थोरले बुश सात वर्षं उपाध्यक्षपद सांभाळून आयोवात आले आणि तिसरे आले. बॉब डोल पहिले, टीव्हीवर प्रवचनं देणारे पॅट रॉबर्टसन दुसरे. पुढच्या राज्यात, न्यू हॅम्पशरला, बुश सावरले आणि अध्यक्षही झाले. म्हणून कुणी "आता ठरलंच आहे" म्हणालं तर ऐकून घे, पण आपलं मन लगेच बांधून टाकू नकोस.

माझे वडील मिरजेत निवडणुकीच्या कामात राबायचे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या हाती पडतो, यासाठी सगळा वॉर्ड जागा असायचा. मग वरून फोन यायचा आणि महिनाभर गल्ल्या तुडवलेला माणूस बाजूला होऊन भलत्याच्याच गळ्यात हार पडायचा. वडील त्या रात्री जेवायचे नाहीत. मी लहान होतो, पण ते ताट अजून डोळ्यांपुढे आहे. इथे एबी फॉर्म तू देतेस. तू आणि तुझ्या प्रिसिंक्टमधले, म्हणजे मतदान विभागातले, शंभर-दीडशे शेजारी. हे तुला जन्मापासून मिळालं आहे म्हणून त्याचं अप्रूप कदाचित वाटणार नाही. मला अजून वाटतं.

आता माझी चूक सांगतो. ३ जानेवारी २०१२. आमचा कॉकस शाळेच्या कॅफेटेरियात होता. नोंदणीच्या टेबलावर रांग, मग प्रतिज्ञा, मग प्रत्येक उमेदवाराच्या बाजूनं कुणीतरी उठून दोन मिनिटं बोललं. कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, मी रॉम्नींचं नाव लिहिलं, चिठ्ठी टाकली आणि कोट चढवून निघालो. सकाळी लवकर ऑफिस होतं. माझ्यासारखेच बहुतेक जण निघाले. खोलीत मागे राहिले ते रॉन पॉल यांचे कार्यकर्ते, बरेचसे तुझ्याच वयाचे.

त्या रात्री जाहीर झालं की रॉम्नी ८ मतांनी जिंकले. दोनएक आठवड्यांनी अधिकृत आकडे आले तेव्हा रिक सॅंटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि ८ प्रिसिंक्टचे कागद सापडलेच नाहीत. पण यापेक्षा मोठी गोष्ट आम्ही निघून आल्यावर त्या खोलीत झाली होती. मतदानानंतर तिथेच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिवेशनाचे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, निवडतात. काउंटीतून डिस्ट्रिक्टला, डिस्ट्रिक्टमधून राज्याला, राज्यातून राष्ट्रीय अधिवेशनाला. त्या वर्षी डेलिगेटवर चिठ्ठ्यांच्या निकालाचं बंधन नव्हतं. पॉल यांची माणसं पायरी पायरीनं वर चढत गेली. ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ डेलिगेटपैकी २२ जणांनी रॉन पॉल यांना मत दिलं, आणि पॉल तर चिठ्ठ्यांत तिसरे होते! मी त्या मुलांना दोष देत नाही. त्यांनी नियम वाचले, ते थांबले. मी थांबलो नाही. त्यानंतर पक्षानं नियम बदलले आणि डेलिगेटांना निकालाशी बांधून घेतलं. पण पक्षाचा जाहीरनामा आणि पुढचे नियम ठरवणारे लोक आजही त्या थांबलेल्यांमधूनच वर जातात.

म्हणून उमेदवार कसा पारखायचा, याबद्दल मला जे म्हणायचं आहे तेही याच खोलीतून सुरू होतं. सभा संपल्यावर उमेदवार काय करतो ते बघ. भाषणं सगळ्यांचीच पाठ असतात. पिझ्झा रँच हॉटेलच्या मागच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांपुढे बोलून झालं, कॅमेरे गेले, की खरा माणूस दिसतो. कुणी दाराकडे जाऊन गाडीत बसतो. कुणी खुर्ची ओढून एखाद्या म्हातारीचं औषधांच्या खर्चाचं गाऱ्हाणं पुरतं ऐकतो. काही जण आयोवाच्या नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव काउंट्या पालथ्या घालतात. मी ती संख्या मोजत नाही. प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबले ते विचारतो.

दुसरं, समोरच्याला न आवडणारं तो तोंडावर बोलतो का ते बघ. आपलं राज्य मक्याचं. पेट्रोलात मक्याचं इथेनॉल मिसळायच्या सक्तीला विरोध म्हणजे आयोवात आपल्या पायावर धोंडा. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांनी तो विरोध इथे येऊन केला. आयोवाचे गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी उघड सांगितलं की क्रूझ हरले पाहिजेत. तरी क्रूझ आयोवा जिंकले. मला क्रूझ यांची बरीच मतं पटत नव्हती, पण त्या आठवड्यात त्यांच्याबद्दल आदर वाटला. जो शेतकऱ्याला खूश करायला आयोवात एक बोलतो आणि न्यू हॅम्पशरला दुसरं, तो आपल्याला पुढे परदेशी राष्ट्रप्रमुखासमोरही तसाच सापडेल.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पक्षातल्याच हरलेल्यांशी तो कसा वागतो? १९५२ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात आयझेनहॉवर आणि सिनेटर टॅफ्ट यांची लढत इतकी कडवट झाली की डेलिगेट कुणाचे खरे आणि कुणाचे खोटे यावरून पक्ष दुभंगायची वेळ आली. टॅफ्ट यांना लोक 'मिस्टर रिपब्लिकन' म्हणायचे. बाप अध्यक्ष होऊन गेलेला, पक्षाचा जुना कणा. पहिल्याच फेरीत आयझेनहॉवर जिंकले आणि त्यांनी काय केलं? रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात टॅफ्टना भेटायला गेले. गर्दीतून वाट काढत, स्वतः. पुढच्या वर्षी सिनेटमधलं अध्यक्षांचं काम टॅफ्ट यांनीच बहुमताचे नेते म्हणून पुढे नेलं.

याच्या उलट १९६४. सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डवॉटर जिंकले. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉकफेलर व्यासपीठावर बोलायला उभे राहिले तर खालून हुर्यो उडवली गेली, आणि हरलेल्या बाजूकडे हात पुढे झाला नाही. नोव्हेंबरात फक्त ६ राज्यं हाती आली. गोल्डवॉटर प्रामाणिक होते, त्यांच्या विचारांनी पुढची पिढी घडवली हेही खरं. पण त्या रात्री जे घरी गेले ते मतदानाला परत आले नाहीत.

१९७६ चं कॅन्सस सिटीचं अधिवेशन तर मी कुणाही तरुणाला सांगितल्याशिवाय राहत नाही. फोर्ड पदावरचे अध्यक्ष, रेगन आव्हान देणारे. निकाल १,१८७ विरुद्ध १,०७०. फरक ११७ मतांचा. स्वीकाराचं भाषण झाल्यावर फोर्डनी वर गॅलरीत बसलेल्या रेगनना खाली बोलावलं. रेगन कागदाशिवाय बोलले. शंभर वर्षांनी उघडायच्या पेटीत ठेवण्यासाठी त्यांना एक पत्र लिहायला सांगितलं होतं, त्याबद्दल. ते वाचणाऱ्यांना आपण स्वातंत्र्य राखलं की नाही हे ठाऊक असेल, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. फोर्ड त्या वर्षी कार्टरकडून हरले. रेगन यांची माणसं मात्र चार वर्षं जागेवर राहिली. १९८० ला आयोवानं रेगनना पुन्हा हरवलं, इथे ते फारसे फिरकलेच नव्हते आणि थोरले बुश जिंकले. विशेष म्हणजे तरुणपणी रेगन याच डी मॉइनच्या रेडिओवर खेळांचं समालोचन करायचे! तरी नोव्हेंबरात ४४ राज्यं त्यांची झाली. एका रात्रीत फोर्डनी प्रतिस्पर्ध्याला माइक दिला आणि प्रतिस्पर्ध्यानं तो सांभाळून वापरला. असे दोघे एका पक्षात असतील तर तो पक्ष जगतो. आपल्या डोळ्यांसमोर असं वागणारा कोण आहे, ते तू शोध.

आकडेमोडही शिकून घे, तिच्याशिवाय भावना वाया जातात. २०१६ ला सतरा जण रिंगणात होते. आयोवात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले गेले: क्रूझ ८, ट्रंप ७, रुबिओ ७. पण साउथ कॅरोलायनाची पद्धत वेगळी. तिथे ट्रंप यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० च्या ५० डेलिगेट मिळाले. बाकीची दोन तृतीयांश मतं पाच जणांत विभागून शून्य झाली. ट्रंप यांनी नियमाप्रमाणे जिंकलं, त्यात गैर काही नाही. ज्यांना दुसरं कुणी हवं होतं, त्यांचे नेते वेळेवर एकमेकांसाठी बाजूला झाले नाहीत. तुझ्या आवडीचा माणूस मागे पडला तर तो कधी थांबणार आणि कुणाला साथ देणार, हे त्याच्या प्रचारातल्या माणसांना बेधडक विचार. ते चिडले तर चिडोत.

आपल्या लोकांचंही बोलतो. तुझ्या बाबांच्या मित्रांपैकी कुणी म्हणेल, आपल्या रक्ताचा उमेदवार आहे, त्यालाच द्यायचं. बॉबी जिंदल, निकी हेली, विवेक रामस्वामी, तिघेही या पायऱ्या चढून आले आणि मला त्याचा अभिमान आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये, गेले. ते डेमोक्रॅट, तरी मी त्या दिवशी घरी शिरा करायला लावला. पण मत आडनावाला देऊ नकोस, आणि आडनावामुळे नाकारूही नकोस. खर्चाला आवर, कुटुंबाला आधार, सरकारनं माणसाच्या घरात आणि जमिनीत विनाकारण न शिरणं, या गोष्टींसाठी मी या पक्षात आलो. त्या जो खरोखर सांभाळेल त्याचं आडनाव मी बघत नाही.

जमिनीवरून आठवलं. १५ जानेवारी २०२४. त्या संध्याकाळी पारा फॅरनहाइटमध्येही शून्याखाली होता. दारातून आत येणाऱ्यांचे चष्मे धुक्यानं पांढरे होत होते. आमच्या प्रिसिंक्टच्या चिठ्ठ्या मोजायला मी बसलो होतो. एकेक चिठ्ठी उलगडायची, नाव मोठ्यानं वाचायचं, ढिगावर ठेवायची. समोर उमेदवारांची माणसं उभी, कुणी हू की चू करत नव्हतं. राज्यात ट्रंप यांनी ५१ टक्क्यांनी बाजी मारली. ९९ पैकी ९८ काउंट्या त्यांच्या. राहिलेली एक जॉन्सन काउंटी, ती हेलींना मिळाली एका मतानं. तिथे कुणीतरी त्या थंडीत "माझ्या एकट्याच्या मतानं काय होतं" म्हणून घरीच राहिलं असेलच ना?

मोजणी झाली, आकडा फोनवरून कळवला, खोली निम्मी रिकामी झाली. तेव्हा मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी उठला. पिवळ्या रेघांच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेला ठराव होता: कार्बन डायऑक्साइड वाहून नेणाऱ्या पाइपलाइनसाठी खासगी कंपनीला शेतकऱ्याची जमीन सक्तीनं घेता येऊ नये. त्याचा हात थरथरत होता, अक्षर त्यालाच नीट लागेना. एका मुलीनं शेजारी जाऊन कागद धरला आणि दोघांनी मिळून वाचला. उरलेल्या तीसेक जणांनी हात वर केले आणि ठराव काउंटीला गेला. माझ्या मिरजेच्या घरी भूसंपादनाची नोटीस आली होती तेव्हा असा हात वर करायला कुठलीच खोली नव्हती.

तुझी नोंदणी अजून झाली नसेल तर दारातही होते, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेव. पुढच्या ऑगस्टमध्ये स्टेट फेअरला आपण दोघं जाऊ, कोण कोण येतंय ते बघू. कॉकसच्या रात्री तुला न्यायला मी येईन. जाडे बूट घाल, स्वतःचं पेन आण, आणि आईला सांगून ठेव की यायला उशीर होईल, जेवण झाकून ठेव. काउंटीचे डेलिगेट निवडायला सभेचे अध्यक्ष "कोण तयार आहे?" असं विचारतील तेव्हा मी तुझ्याकडे बघेन.

तुझा,
काका