विमान कुठल्या तारखेला उतरलं, ते आधी शोधा

प्रश्न (थोडक्यात): दक्षिण सोलापूर तालुक्यात आमची भावाभावांत सामाईक जिराईत जमीन आहे. गड्ड्याच्या यात्रेनंतर, हवाई कसरतींच्या कार्यक्रमातलं महायुद्धाच्या काळातलं एक लढाऊ विमान इंजिन बंद पडल्याने आमच्या ज्वारीत पोटावर उतरलं. वैमानिक सुखरूप. पीक, पाइपलाइन आणि बांध गेला. उरलेलं बघ्यांनी आणि क्रेनने तुडवलं. आयोजक ‘चौकशीचा अहवाल येऊ द्या, मग बघू’ म्हणत राहिले. आता त्यांच्या वकिलाने कळवलंय की विमानाच्या उड्डाणाबद्दल दावाच चालत नाही. येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. काय करावं?

उत्तर: तुमच्या चार पानी पत्रात विमानाचा रंग आहे, शेपटीवरचा आकडा आहे, वैमानिकाला चहा दिला तेही आहे. तारीख नाही. ‘गड्ड्याच्या यात्रेनंतर’ एवढ्यावर गावात भागतं, कोर्टात भागत नाही. पोलिस ठाण्यातली नोंद किंवा तलाठ्याचा पंचनामा काढा आणि आजच तारीख पक्की करा, कारण तुमच्या दाव्याचं जे काही व्हायचं ते तिच्यावरच ठरणार आहे.

मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 87 प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीत बेकायदा शिरून केलेल्या नुकसानीच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात आणि ती शिरल्याच्या दिवसापासून मोजतात. निष्काळजीपणा म्हणून दावा मांडलात तर अनुच्छेद 113 लागतो. तिथेही तीनच वर्षं. पहिला दिवस मोजायचा नाही, एवढीच काय ती सवलत. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, पण तिथवर ताणू नका. ‘उशीर माफ करून घेऊ’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. कलम 5 ची माफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. शिवाय कलम 3 मुळे समोरच्याने तोंड उघडलं नाही तरी न्यायाधीशांना मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो.

पवनचक्कीचा खांब असो, गॅसची पाइपलाइन असो, रस्त्याचं रुंदीकरण असो, असली पत्रं नेहमी येतात आणि सगळ्यांत तेच लिहिलेलं असतं: ‘बोलणी चालू होती.’ बोलण्यांनी मुदत थांबत नाही. वकिलाच्या साध्या नोटिशीने थांबत नाही. तहसीलदारांकडच्या अर्जानेही थांबत नाही. चुकीच्या ठिकाणी गेलेला वेळ वजा करणारं कलम 14 कोर्टातल्या कामकाजापुरतं आहे. जबाबदारी मान्य करणारं सही केलेलं पत्र मुदतीच्या आत मिळालं असेल तर कलम 18 चा आधार घेता येईल. पण रक्कमच न ठरलेल्या भरपाईला तो कितपत लागू होतो यावर वाद घालता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘बघू’ म्हणजे कबुली नव्हे.

चौकशी अहवालाची वाट पाहणं ही तर निव्वळ चूक झाली. विमान अपघातांची तांत्रिक चौकशी पुढचे अपघात टळावेत म्हणून असते, पैसे कोणी द्यायचे हे ठरवण्यासाठी नसते. इंग्लंडमध्ये शोरहॅमला 22 ऑगस्ट 2015 रोजी हवाई प्रदर्शनातलं जुनं हॉकर हंटर लढाऊ विमान रस्त्यावर कोसळून 11 जण गेले. चौकशी अहवाल मार्च 2017 मध्ये आला, वैमानिकाची फौजदारी खटल्यातून सुटका मार्च 2019 मध्ये झाली. मृत्यूच्या आणि जखमांच्या दाव्यांना तिथेही साधारण तीनच वर्षं असतात. निकालाची वाट बघत बसलेल्याचं काय झालं असतं, हिशेब करा.

समोरच्या वकिलाच्या पत्राला फार घाबरू नका. 1934 च्या विमान कायद्यातलं (2025 पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला) कलम 17 ‘केवळ उड्डाणामुळे’ होणाऱ्या त्रासाबद्दल होतं: जमिनीवरून वाजवी उंचीवरून विमान गेलं म्हणून दावा करता येत नसे. ज्वारीत पोट घासत येणं हे वाजवी उंचीवरून जाणं नव्हे. तरीही इंग्लंडमध्ये जमिनीवरच्या नुकसानीसाठी दोष सिद्ध न करता भरपाई देणारं जसं स्पष्ट कलम आहे, तसं आपल्याकडे हाताशी नाही. वैमानिकाने नाइलाजाने तुमचं रान निवडलं असेल, तर त्याच्यावर दोष बसेलच असं मी म्हणणार नाही. म्हणून विनापरवाना प्रवेश, देखभालीतला निष्काळजीपणा आणि धोकादायक कामाची कडक (म्हणजे दोष सिद्ध न करताही येणारी) जबाबदारी, असे तिन्ही आधार एकाच दाव्यात मांडा.

पोलिसांच्या नि अग्निशमनाच्या गाड्यांनी केलेलं नुकसान मात्र बहुधा हातचं गेलं. कायद्याखालच्या कामातून झालेल्या नुकसानीला मुदत कायद्याचा अनुच्छेद 72 एकच वर्ष देतो. गर्दी आणि क्रेन विमानामुळेच आली असं म्हणून ती रक्कम विमानवाल्यांकडे मागा. मिळेलच याची हमी नाही.

प्रतिवादी कोण, यात घोळ घालू नका. शेपटीवरचा आकडा मालक सांगत नाही. अशा विमानांवर बहुधा युद्धकाळातले स्क्वाड्रनचे आकडे रंगवलेले असतात. नोंदणी क्रमांक हवा. तो ‘व्हीटी’ने सुरू होत असेल तर विमान भारतात नोंदलेलं आहे आणि मालक डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नोंदवहीत सापडेल. विमान हवाई दलाचं निघालं तर प्रतिवादी भारत सरकार, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागेल. ते दोन महिने मुदतीतून वजा होतात, पण नोटीस मुदत संपण्यापूर्वी गेलेली हवी. दावा सोलापुरातच लावा. आयोजकाचं ऑफिस कुठेही असो, जमीन जिथे तिथलं कोर्ट.

पुराव्याचं थोडं. ज्या हंगामात विमान उतरलं त्याचा पीकपेरा लागलेला सातबारा काढा. दाण्याबरोबर कडब्याचाही हिशेब शेकड्याच्या भावाने मांडा, तो सगळे विसरतात. मोबाइलवरचे व्हिडिओ मूळ फोनवरच राहू द्या. कोर्टात ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतील. अशा इंजिनांना लागणाऱ्या 100 एलएल पेट्रोलमध्ये लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असतं. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश दिसतं, शिसं नाही. ते वेगळं सांगून तपासून घ्या. नमुने विमान घासलं तिथले आणि बांधापलीकडच्या न बिघडलेल्या रानातले, दोन्ही. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटरचे वेगवेगळे. क्रेनच्या दिवशी काही रोख घेतली असेल तर पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलंय का ते मला कळवा. पीक विम्याच्या आणि नैसर्गिक आपत्तीच्या मदतीच्या मागे लागू नका, विमान त्यात बसत नाही.

शेवटचं, आणि इथेच लोक अडकतात. ‘आधी दावा टाकू, नावं नंतर घालू’ हे चालणार नाही. मुदत कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नंतर जोडलेल्या पक्षकाराविरुद्धचा दावा तो जोडला गेला त्या दिवशी केलेला धरला जातो. तुमच्या भावांचंही तेच. तेव्हा सातबाऱ्यावरची सगळी नावं वादी म्हणून, आणि विमानाचा मालक, उडवणारी संस्था नि आयोजक प्रतिवादी म्हणून पहिल्याच दिवशी घाला, आणि नाताळच्या सुट्टीआधी दाव्याचा नोंदणी क्रमांक हातात घ्या.