स्वगत खोडू नकोस, त्यातली माहिती खोड

चि. पोरी,

स्पर्धेच्या परीक्षकांनी तुझ्या नाटकाबद्दल ‘स्वगत आता जुनाट झालं, काढून टाका’ म्हटलं आणि तू लगेच खोडायला बसलीस? अंबाजोगाईहून एवढं मोठं पत्र लिहिलंस. त्यात परीक्षकांचं मत आहे, दिग्दर्शकाचं आहे, मैत्रिणीचंही आहे. तुझं कुठंय?

तुझी ऊसतोड बाई रात्री कोपीत, म्हणजे त्या पाचटाच्या झोपडीत, एकटी बसून बोलते, ती जागा मला मनापासून आवडली. पण ती बोलते काय? गाव कुठलं, टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली, लेकरं किती, नवरा कसा. हे तिला ठाऊक नाही का? मग अर्ध्या रात्री कुणाला सांगतेय? आम्हाला. म्हणजे ते स्वगत नाहीच, ते निवेदन आहे. परीक्षक कंटाळले ते त्या निवेदनाला, आणि चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवून मोकळे झाले.

एवढंच धरून ठेव: पात्राला जे माहीत आहे ते स्वगतात येऊ द्यायचं नाही. जे अजून कळलेलं नाही, त्यासाठीच माणूस एकटा बोलतो.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं ते ‘जगावं की मरावं’ स्वगत पुन्हा काढून वाच. बापाचा खून, काका, आईचं लग्न, काही म्हणजे काही त्यात नाही. मूळ इंग्रजीत त्याची प्रेयसी ओफेलिया दिसेपर्यंत ‘मी’ हा शब्दसुद्धा नाही. ‘ऑथेल्लो’तला खलनायक इयागो घे. ऑथेल्लोचा द्वेष का करतो याची कारणं तो बदलत राहतो. आधी बढती हुकली म्हणून, मग बायकोबद्दलचा संशय. बेत मनात आहे पण अजून गोंधळलेला आहे, हेही तोच कबूल करतो. मॅकबेथ तर राजाला मारू नये इथपर्यंत स्वतःला आणतो, आणि नेमकी तेव्हाच बायको आत येते. बोलायला लागताना त्याला हे ठाऊक नव्हतं. बोलताना कळलं.

नॉर्वेच्या इब्सेनच्या वळणानं नाटकात वास्तववाद आला, आपल्याकडे 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक झालं, आणि ‘माणूस असा एकटा बडबडतो का’ हा प्रश्न प्रतिष्ठेचा झाला. ठीक आहे. मग तेंडुलकरांच्या बेणारेचं काय करायचं? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 चं, स्वगत मोडीत निघाल्यानंतरचं. त्यात खेळातलं खोटं कोर्ट या बाईला आरोपी करतं आणि बचावासाठी काही सेकंद देतं. तेवढ्यात ती सगळं आयुष्य बोलून जाते, शरीराचा तिरस्कार आणि त्याच शरीरावरचा जीव एका दमात. वेळ संपते तेव्हा कोर्टाच्या लेखी आरोपी काही बोललेलीच नसते. हे दुसऱ्या कुठल्या युक्तीनं करून दाखवावं कुणीतरी.

तुझा दुसरा घोळ एकपात्रीचा, स्वगत आणि एकपात्री तू एकच धरलंस. लक्ष्मण देशपांडे आपल्याच मराठवाडा विद्यापीठातले. त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये रंगमंचावर ते एकटे, पण पात्रं बावन्न, आणि ती एकमेकांशी बोलतात. तिथं एकटं कुणी नाहीच. आणि पैठणचं भारूड? ते तर समोरच्या माणसाला धरूनच बोलतं. संस्कृत नाटककारांनी स्वगत वेगळं, जनांतिक (इतरांना चुकवून एकाशीच बोलणं) वेगळं, आकाशभाषित (न दिसणाऱ्या माणसाशी बोलणं) वेगळं ठेवलं होतं. आपण सगळ्याला ‘मोनोलॉग’ म्हणून मोकळे होतो.

मलाही एकदा एका स्पर्धेत स्वगत कापा म्हणून सांगितलं होतं. जायकवाडी धरणात शेत गेलेला म्हातारा मोबदल्याचा चेक घ्यावा की नको हे बोलत बसतो आणि काही न ठरवताच झोपतो. ‘निर्णय कुठंय?’ असं विचारलं गेलं. नाही कापलं मी. नाटक पुढच्या फेरीत गेलं नाही, मंडळ फुटलं, चांगली पोरं दुरावली. एक जण लग्नात भेटला तरी नजर चुकवतो. त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण म्हाताऱ्याला जे ठाऊक नव्हतं ते मी त्याच्या तोंडी कसं घालणार होतो? आजही घालणार नाही. हट्टी म्हण हवं तर, आमच्या घरातही तेच म्हणतात.

आता तुझी बाई. गर्भाशयाची पिशवी काढून टाकायची का, हा प्रश्न तू तिसऱ्या पानावर दोन ओळींत उरकलास! कामाला खाडा पडला तर पैसे कापले जातात, दुखणं थांबत नाही, शेजारच्या कोपीतलीनं काढून घेतली आणि तिची कंबर कायमची गेली. स्वगत इथं आहे, पोरी. उचलीचा आकडा मुकादमाच्या तोंडी जाऊ दे, त्यालाच तो शोभतो. लेकरं किती ते अंथरुणावर दिसेल. बाईनं फक्त पिशवीचं बोलावं, तेही सरळ नाही. आधी ‘काढते’ म्हणावं, मग पोरीच्या वेळचं काही आठवावं, मग पैशावर यावं, मधेच वाक्य सोडून चूल सारखी करावी. आणि तालमीत नटीला प्रेक्षकांकडे बघू देऊ नकोस. तिला तो निळा स्पॉट हवा असेल, सगळ्यांनाच हवा असतो. देऊ नकोस.

नवं लिहिलेलं आधी मला पाठव, दिग्दर्शकाला नंतर. अक्षर मोठं काढ.